तिच्या सहा वर्षांचा पाळणा

मी पाळणा बोलतोय. झोपलेलं लेकरू जागं होऊ नये म्हणून आमच्या जातीला हळू बोलायची सवय असते. त्यात माझं बोलणं अपराध्याचं. तेव्हा जरा जवळ येऊन ऐका.

माझा जन्म कर्नाटकातल्या कलघटगीचा. तिकडे मला तोट्टिलु म्हणतात. प्रभुलिंग नावाच्या कारागिरानं मला सागवानातून घडवलं, लाखेचे लाल-पिवळे रंग चढवले आणि केवड्याच्या पानानं घासून घासून अशी चमक आणली की माझ्या पट्टीत माणसाला तोंड दिसावं. चारी बाजूंना नंदी, मोर आणि वेली. आपल्या तोंडानं सांगू नये, पण मी देखणा होतो. आणि मला ते ठाऊक होतं.

सोलापूर भागात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी पुष्कळ घरं आहेत. त्यांच्यात एक रिवाज आहे. लेक पहिलं बाळंतपण आटोपून सासरी निघाली की माहेरानं सोबत पाळणा द्यायचा. पाळणा कसला आला यावरून पाहुणे माहेराची ऐपत ठरवतात. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण आमच्याकडे आधी आजोबांचा खिसा दिसतो.

माझी मालकीण महेश्वरी. वळसंगच्या चन्नप्पांची एकुलती लेक. चन्नप्पांची गावात पिठाची गिरणी आहे. महेश्वरी सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात सहा वर्षं नर्स होती. लग्न होऊन ती शुक्रवार पेठेत आली. नवरा शिवू, त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान. सासूबाई रत्नम्मा. दिवस गेले तेव्हा रात्रपाळी झेपेना, म्हणून तिनं नोकरी सोडली.

रत्नम्मा वाईट बाई नव्हेत. पण सातव्या महिन्यात ओटी भरताना चार बायकांत त्या म्हणाल्या होत्या, "बीगर, आमच्या घरात पहिल्या लेकराला कलघटगीचाच पाळणा येतो बरं का." बीगर म्हणजे व्याही. चन्नप्पा "येईल की" म्हणाले. त्याच साली त्यांच्या गिरणीची मोटर जळाली होती, हे रत्नम्मांना कुठून ठाऊक असणार?

मुलगी झाली. पणजीचं नाव ठेवलं, अक्कम्मा. लाडानं अक्कू. ती तीन महिन्यांची झाल्यावर बाप-लेक तिला घेऊन कलघटगीला आले. मी तेव्हा नुकताच तयार होऊन वर्कशॉपच्या दारात टांगलेला होतो. माझ्या शेजारी एक साधा पाळणा होता, एका रंगाचा, चित्रं नसलेला. चन्नप्पांनी त्याच्या दांडीवर हात ठेवला.

"हा बी चांगला हाय की यव्वा. लाकूड तेच."

"साधा न्याल तर आत्या बोलतील तुमाला, अप्पा," महेश्वरी म्हणाली. सासूबाईंना ती आत्या म्हणायची. "माझ्यापुढं बोलतील. ते मला सोसायचं न्हाय."

मग तिनं पर्समधून पाकीट काढलं आणि बापाच्या हातात कोंबलं. "पीएफ काढला मी. नोकरी सुटलीच हाय तर ठेवून काय करायचं? नुसत्या पीएफात बसंना, म्हणून त्यातलं पेन्शनचं बी काढलं. तुमी द्या कारागिराला. तुमच्या हातनं."

चन्नप्पांनी पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं. "मी परत करीन," ते म्हणाले. तिनं मान हलवली आणि अक्कूला माझ्यात ठेवून पाहिलं. पोर लगेच झोपली. माझ्यात झोपलेलं ते पहिलं लेकरू. साध्या पाळण्याऐवजी आपल्याला निवडलं याचा मला फार आनंद झाला. तोच आनंद आता मला टोचतो.

शुक्रवार पेठेत मी आलो तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली. रत्नम्मांनी मला माजघरातल्या तुळईला टांगलं. येणाऱ्या बाईला हात धरून दाखवायच्या, "बीगरांनी दिला. कलघटगीचा. नंदी बघा कसा जिवंत हाय." चन्नप्पा खुर्चीत बसून चहा घेत होते. कुणी कौतुक केलं की ते बशीत बघायचे. महेश्वरी मात्र खुशीत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ तिनं आपल्या हातानं झाकली होती.

चन्नप्पा शब्दाला पक्के निघाले. गिरणी पुन्हा सुरू झाली, तसे ते थोडे थोडे करून पैसे आणून देऊ लागले. कधी ज्वारीच्या पिठाच्या पिशवीत, कधी अक्कूच्या फ्रॉकच्या घडीत. शेवटचे पैसे दिले त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघताना पाहिलं. त्यांना वाटलं, हिशेब मिटला. मलाही तसंच वाटलं.

अक्कू पाय ताणून झोपायला लागली, तसा मी तिला अपुरा पडू लागलो. मग मला तुळईवरून सोडून, सोलापुरी चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. चादर एका कोपऱ्याला विरलेली होती आणि माळ्याच्या फळ्यांना फटी होत्या. खालचं दिसायचं आणि ऐकूही यायचं.

त्याच सुमाराला जर्मनीत नर्स पाहिजेत अशी हवा सुटली. महेश्वरीनं पुण्याला राहून तिथली भाषा शिकून घेतली आणि अक्कूला सासूच्या ओटीत घालून ती गेली. तिकडे वृद्धाश्रमात नोकरी. म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची. इकडे रत्नम्मांनी अक्कूला आईसारखं वाढवलं, हे मी शपथेवर सांगेन. रोज संध्याकाळी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायचा आणि मायलेकींनी बोलायचं.

शिवूला कुणीतरी सांगितलं होतं, ते तो आईला समजावत बसायचा. "आपला आणि जर्मनीचा करार झालाय, आई. तिकडं हिच्या पगारातनं पेन्शनसाठी कापतात. पेन्शनला जेवढी वर्षं लागतात तेवढी तिकडं भरली न्हाईत, तर हितली नोकरीची वर्षं त्यात धरतात. हितली सहा हायतच की."

"म्हंजे कष्ट वाया जात न्हाईत," रत्नम्मा म्हणायच्या.

"एकबी दिवस वाया जात न्हाय."

वर चादरीच्या आत माझ्या अंगावरचे मोर काळे पडले असतील, असं मला वाटलं. ती सहा वर्षं कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. ती माझ्या दांडीत होती, माझ्या लाखेत होती. पण लाकडाला बोलायची सोय नाही, आणि असती तरी मी बोललो असतो का, कुणास ठाऊक.

चारेक वर्षं झाली आणि महेश्वरीची बोटं दुखायला लागली. थंडीनं असेल असं म्हणता म्हणता सांधे सुजले. संधिवात. म्हातारं माणूस उचलताना हात सुटायला लागला, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनीच सांगितलं की हे काम आता होणार नाही. ती परत आली. अक्कू सात वर्षांची झाली होती. आई येणार म्हणून तिनं वेणी न घालता वाट पाहिली, आईनंच घालावी म्हणून. महेश्वरीनं केसांचे तीन पेड धरले आणि अर्ध्यातच सोडून दिले. उरलेली वेणी रत्नम्मांनी घातली.

काम करता येत नाही अशा माणसाला तिकडे पेन्शन मिळते, आणि या करारामुळे ती सोलापुरात बसूनही घेता येते. मात्र त्यासाठी निदान पाच वर्षं भरलेली लागतात. तिकडची थोडी कमी पडत होती. इकडची सहा जोडली की प्रश्नच नव्हता. शिवू रोज म्हणायचा, "चल, पीएफ ऑफिसला जाऊन येऊ." ती आज हात दुखतोय म्हणायची, उद्या अक्कूची शाळा म्हणायची. शेवटी तो तिला घेऊनच गेला.

परत आले तेव्हा शिवूनं चप्पल दारात जोरात काढली. तिथल्या कारकुनानं नीट बोलून सगळं समजावलं होतं. पेन्शनचे पैसे काढून घेतले की त्या नोकरीची वर्षं पेन्शनला धरत नाहीत. इथेही नाहीत आणि जोडायला तिकडेही नाहीत. पैसे परत भरू म्हटलं तरी ती वर्षं परत येत नाहीत.

"कशाला काढलीस?" शिवूनं विचारलं.

"लागले होते."

"कशाला लागले होते? घरात काय कमी होतं?"

रत्नम्मा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सोनं केलं असंल. बायकांची जात." महेश्वरीनं तेही ऐकून घेतलं. अंगावर सोन्याची एक जास्तीची तारही नव्हती, हे माळ्यावरून मलासुद्धा दिसत होतं.

त्यानंतर घरात जेवणं व्हायची, पण बोलणं होत नव्हतं. शिवू दुकानातून उशिरा यायला लागला. औषधाची चिठ्ठी फळीवर तशीच पडून राहायला लागली, कारण चिठ्ठीतलं संधिवातावरचं महागडं इंजेक्शन त्या पेन्शनच्या भरवशावर सुरू करायचं ठरलं होतं.

श्रावणात रत्नम्मांची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. म्हणून मला खाली उतरवलं. रत्नम्मा खोबरेल तेलाच्या बोळ्यानं मला पुसत बसल्या होत्या, तेवढ्यात वळसंगहून चन्नप्पा आले. लेक कशी आहे ते बघायला. काखेत पिठाची पिशवी.

"बघा बीगर, तुमचा पाळणा अजून नवाच हाय," रत्नम्मा म्हणाल्या. चन्नप्पा हसले. मग रत्नम्मांना राहवलं नाही. "तुमच्या लेकीला जरा विचारा की. पीएफ कशाला काढला ते सांगंना झालीय. त्याच्यापायी तिकडची पेन्शन गेली."

"पेन्शन गेली?" चन्नप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शिवूनं कडवट आवाजात सगळं सांगितलं. सहा वर्षं, करार, पाच वर्षांची अट. ऐकता ऐकता चन्नप्पांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अप्पा, चहा टाकते," महेश्वरी घाईनं म्हणाली. "हात-पाय धुवा जावा."

ते उठले असते आणि मोरीकडे गेले असते, तर सगळं तसंच राहिलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

"ह्या तोट्टिलुला काढला," चन्नप्पा म्हणाले. "मी न्हाय दिला हा. माझ्याकडं नव्हते. तिनं दिले आणि मी घेतले. बाप असून घेतले."

रत्नम्मांचा बोळा माझ्या नंदीवर थांबला.

"मी फेडले की सगळे," चन्नप्पा शिवूला म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "एकबी रुपया ठेवला न्हाय. विचार तिला."

"मामा, पैसे फेडलात," शिवू म्हणाला. मघाचा राग त्याच्या आवाजात उरला नव्हता. "वर्षं कुठनं आणायची?"

महेश्वरी मात्र बापावरच चिडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. "कशाला सांगितलंत अप्पा? पेन्शन तर गेलीच होती. तुमचा मान तेवढा राहिला होता. तो बी घालवलात."

मग रत्नम्मा जमिनीवर हात टेकत उठल्या. "साधा आणला असता तर मी बोलले असते," त्या म्हणाल्या. "खरंच बोलले असते. मला म्हाईत हाय माझं तोंड." मग महेश्वरीकडे वळून म्हणाल्या, "महेशी, माझ्या लेकीला मी आता नवा पाळणा देणार न्हाय. सासरचे काय म्हणायचं ते म्हणू दे. हाच देते. चालंल का?"

मी मनात म्हटलं, बरं होईल. दुसऱ्या घरी जाईन. तिथे मला कुणी ओळखणार नाही आणि हिचे हात मला दिसणार नाहीत. अपराध्याला गाव बदलण्यासारखं सुख नसतं.

महेश्वरीनं पदरानं तोंड पुसलं. "तिला साधा आणू की, आत्या. एका रंगाचा. लाकूड तेच असतंय," ती म्हणाली. "हा न्हाय द्यायचा. हा माझा हाय."

आता मी पुन्हा माजघरात टांगलेला आहे. जर्मनीत भरलेले पैसे दोन वर्षं थांबून परत मागता येतात म्हणे, तेवढ्याचा अर्ज करायचं चाललं आहे. पण ते एकदाच मिळतील, महिन्याच्या महिन्याला नाहीत. इंजेक्शन शिवूनं दुकानावर उसनवारी करून सुरू केलं. चन्नप्पा पूर्वीसारखेच येतात, फक्त माजघरात बसत नाहीत. बाहेर ओसरीवर चहा घेतात.

तुमच्या घरातली एखादी लेक नोकरी सोडून असेच पैसे काढायला निघाली, तर तिला अडवा असं मी म्हणत नाही. गरज असते माणसाला. पण पेन्शनचा तेवढा भाग राहू दे म्हणा. ते नुसते पैसे नसतात, तिची उभ्यानं काढलेली वर्षं असतात, आणि उद्या ती कुठल्या देशात जाईल हे तिलाही ठाऊक नसतं. आणि पाळणा बघायला जाल तेव्हा पाळण्याकडे बघू नका, त्यातल्या लेकराकडे बघा. आमच्यासारख्यांचं डोकं कौतुकानं फार लवकर फिरतं.

दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा महेश्वरी माझ्याजवळ येऊन बसते आणि सुजलेले दोन्ही हात माझ्या गादीवर ठेवते. इतकी वर्षं मी चन्नप्पांचा होतो, रत्नम्मांच्या घरचा होतो. आता कुठे मी तिचा झालोय. आणि तिला द्यायला माझ्याकडे या गादीपलीकडे काहीच नाही.