लहान्याच्या नावावरचं घर

तलासरीकडे बिगर आदिवासीला आदिवासीची जमीन घ्यायची, तर वरची परवानगी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही. मग लोक सोपी वाट काढतात. पैसे आपले, नाव आदिवासी गड्याचं. किराणा दुकानवाल्या नविनशेठने तेच केलं. जागा घेतली, चार खोल्यांचं पक्कं घर बांधलं आणि सगळं केलं दुकानात पोती उचलणाऱ्या लहान्याच्या नावावर. लहान्याने वाघोबापुढे नारळ ठेवून शब्द दिला, "नाव माझं, घर तुमचं." शेठ व्यवहाराला एकदम पक्का माणूस, पण लहान्याही कधीतरी मरेल, एवढं साधं त्याच्या डोक्यात आलं नाही.

आधी शेठच गेला. मागल्या पावसाळ्यात लहान्या गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून वारस म्हणून त्याच्या बायकोचं, जानीचं नाव लागलं. ज्या घरची धुणीभांडी करताना तिचे केस पिकले, ते घर कायद्याने तिचं झालं. आनंद राहिला बाजूला, ती घाबरूनच गेली.

शेठची बायको मयुराबेन लगोलग तिच्या पाड्यावर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कुडाच्या भिंतीशी अवघडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जानी, तुझंही आता वय झालं. घर विकल्याचं दाखवून मुकेशच्या नावावर करून टाकू. वकील सगळं बघतील, तू फक्त अंगठा दे." मुकेश म्हणजे दुकानातला नवा गडी, जानीच्याच पाड्यावरचा.

जानी हो म्हणाली. नवऱ्याचा शब्द होता, आणि मेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा.

ठरल्या दिवशी तिघं डहाणूच्या नोंदणी कार्यालयात आली. मयुराबेन वकिलाशी बोलत होत्या. बाकावर मुकेश जानीच्या शेजारी बसला होता. नवा शर्ट घातलेला, स्वारी खुशीत.

"काकी, सोमीला सातवा महिना लागला," तो बायकोबद्दल सांगू लागला. "आनि यंदा घरकुलाच्या यादीत आमचं नाव हाय. पैशे आले का लगेच पाया खनतो."

जानीला लहान्या आठवला.

घरकुलाच्या यादीत लहान्याचंही नाव यायचं. दर वेळी यायचं आणि दर वेळी कापलं जायचं. तुमच्या नावावर चार खोल्यांचं पक्कं घर आहे, मग सरकारने दुसरं का द्यायचं? नियमाला काय, तो कागदावरचं घर बघतो. लहान्या घरी येऊन काही बोलायचा नाही, माती कालवायचा आणि कुडाला पडलेली भोकं लिंपत बसायचा. शेवटची दोन वर्षं त्याच ओल्या कुडाशी पडून खोकला. एकदा तरी शेठला सांगायचं होतं! नाही सांगितलं. त्या मुकेपणाचा जानीला अजून राग होता. माणूस जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याला धरून गदागदा हलवावंसं तिला वाटे.

पुकारा झाला. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "आजी, राजीखुशीने विकताय ना? पैसे पोचले?"

वकिलाने तिच्याकडून हो म्हणायचं घोकवून घेतलं होतं. जानीने मुकेशकडे पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. "पैसे नाय पोचले. आनि घर मी विकत नाय."

साहेबांनी कागद बाजूला सारला आणि पुढच्याला बोलावलं.

बाहेर येताच मयुराबेन कडाडल्या, "लहान्याने शब्द दिला होता!"

"दिला होता. त्याने पाळला पन. म्हनून त्याला घरकुल नाय भेटलं, ओल्या कुडाशी खोकून मेला तो. आता ह्या पोराचं नाव लावा, म्हंजे ह्याचं पन यादीतून कटंल."

मुकेशचा चेहरा उतरला. "शेठाणी, हे मला कोनी सांगितलं नाय."

मयुराबेननी हे लपवलं होतं असंही नाही. इतक्या वर्षांत लहान्या कुठे राहतो, कसा राहतो, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्या तिथेच पायरीवर बसल्या. मघाचा आवाज पार गेला.

"जानी, मला दुसरं छप्पर नाही गं. तू मला बाहेर काढणार?"

जानीला वाटलं होतं, आज आपल्याला दया येणार नाही. पण आली. स्वतःवर चिडत ती पायरीवर त्यांच्या शेजारी टेकली.

"नाय काढनार. तुमी जित्या हाय तवर राहा, त्याचा शब्द मी मोडीत नाय. पन मी पन येनार राहायला. ह्या पावसाच्या आधी."

"एका घरात? तू नि मी?" मयुराबेन दचकल्या. "अगं, लोक काय म्हणतील?"

"काय म्हननार?" जानी म्हणाली. "लहान्याच्या घरात लहान्याची बायको राहते."