गिटारच्या मानेवरचे दोन डाग

मी एक जुना हँगर आहे, मित्रांनो. कपड्यांचा नव्हे, गिटारचा. भिंतीतून पुढे आलेली लोखंडाची दोन बोटं आणि त्यांवर काळं रबर, एवढाच माझा संसार. त्या बोटांत गिटारची मान अडकवतात.

कारखान्यात मला वाकवलं, रबर चढवलं आणि खोक्यावर छापलं, ‘एक ओरखडाही येणार नाही’. छापणाऱ्याने जन्मात कधी गिटार धरली होती का, देव जाणे. मी मात्र विश्वास ठेवला.

ज्या घरात मला बसवलं, तिथली मुलगी भारी चौकस. आई तिला ‘चौकशीखातं’ म्हणायची. तिची साधी, नवी गिटार मी पाच वर्षं सांभाळली. एक डाग नाही. पाहुण्यांनाही मला कौतुकाने दाखवायचे. मी फुगून गेलो.

मग तिची आत्या आठ महिन्यांसाठी परगावी कामाला निघाली. जाताना तिने आपली तीस वर्षं वाजवलेली गिटार मुलीच्या हातात दिली. मधासारखं पॉलिश होतं तिचं.

“रोज वाजव गं. नीट सांभाळलीस तर आल्यावर तुझीच.”

आत्याची पाठ वळली आणि आईने फर्मान काढलं, “दुसऱ्याची वस्तू आहे. आली तश्शी परत जाईल. हात लावायचा नाही.”

मुलीची गिटार कपाटावर गेली, आत्याची माझ्या बोटांत आली. आठ महिने तिथेच. मुलगी हात पाठीमागे बांधून समोर उभी राहायची. ह्याला म्हणे सांभाळणं. मला अजून संताप येतो.

उन्हाळ्यात गिटारची मान मला चिकटल्यासारखी वाटली. मला वाटलं, जीव जडला.

आत्या आली. गिटार काढू लागली तर निघेना. जोर लावल्यावर चर्र आवाज झाला. मानेच्या दोन्ही बाजूंना काळे, चिकट डाग. पॉलिश विरघळलेलं.

आईची नजर टेबलावरच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीवर गेली. “हे घेऊन पुसायला गेलीस ना? खरं सांग.”

“मी बोटसुद्धा लावलं नाही.”

“मग डाग काय आभाळातून पडले?”

आत्या नुसती डागांवरून अंगठा फिरवत राहिली. मुलीला तेच जास्त लागलं.

मला तोंड नाही. असतं तरी काय सांगणार होतो? पाच वर्षं हेच रबर, हीच बोटं. मग हिलाच का?

मुलीलाही तोच प्रश्न पडला. डोळे पुसून तिने वर्तमानपत्राची पट्टी फाडली, दोन डागांमधलं अंतर खुणेने घेतलं आणि पट्टी माझ्या बोटांवर धरली. तंतोतंत.

“आत्या, डाग ह्याचे आहेत. पण माझ्या गिटारला का नाही पडले?”

दुसऱ्या दिवशी आत्याने गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांना घरी आणलं. त्यांनी माझं रबर नखाने दाबलं, हुंगलं.

“हाच चोर. नव्या गिटारवर पॉलिशचा जाड, कडक थर असतो, रबर त्याचं सहसा काही बिघडवत नाही. हिच्यावर जुन्या पद्धतीचं पातळ पॉलिश आहे, लॅकर म्हणतात ते. रबरातलं रसायन त्यात उतरतं आणि ते मऊ पडतं. रोज काढली असती तर वेळीच कळलं असतं. कुणी हात लावला नाही, म्हणून ही दशा.”

आई ‘माझं चुकलं’ म्हणाली नाही. मोठ्यांच्या घशातून ते शब्द लवकर निघत नाहीत. तिने धुऊन धुऊन मऊ झालेला पांढरा सुती अभ्रा काढला, टरकन फाडला आणि स्टुलावर चढून माझी दोन्ही बोटं स्वतः गुंडाळली. उतरल्यावर गिटार मुलीपुढे धरली. “घे. वाजव.”

“डाग काढून देऊ का?” काकांनी आत्याला विचारलं.

“मला काय विचारता? जिची गिटार आहे तिला विचारा.”

हल्ली मी दिवसभर बहुतेक रिकामाच असतो. बरं वाटतं.

मित्रांनो, भिंतीवरचा हँगर असो की जमिनीवरचा स्टँड, खोक्यावरच्या बढाया वाचून थांबू नका. आपल्या गिटारवर कोणतं पॉलिश आहे ते विचारा. कळत नसेल तर रबरावर जुनं पांढरं सुती कापड गुंडाळा, आणि गिटार काढत, वाजवत, बघत राहा. एवढं करूनही डाग दिसलाच, तर आधी घरातल्या पोरीकडे बोट दाखवू नका. भिंतीकडे बघा. तिथे माझ्यासारखा कुणीतरी साळसूदपणे गप्प बसलेला असेल.