आल्बी, आमच्या दारात

बटण... जाकिटाचं दुसरं बटण, भिंगाखाली वाटाण्याएवढं झालेलं, आणि ते चुकीच्या बाजूला होतं. ऑड्रीने भिंग पुसलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. जुन्या फोटोत पाण्याच्या पंपाला टेकून उभा असलेला तो मिशाळ माणूस – त्याच्या जाकिटाची बटणं बायकांच्या झग्यासारखी लागलेली, एक नाही, सगळीच. नवऱ्याच्या कोटांना जन्मभर बटणं लावली तिने, पुरुषांची बटणं कुठल्या बाजूला असतात हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. या मेल्याने बायकोचं जाकीट चढवलं म्हणावं, तर मागच्या दोघांनीही तेच केलं होतं की काय?

मग तिच्या लक्षात आलं, आणि त्या रिकाम्या सभागृहात ती एकटीच हसली. काच उलटी पडली होती. छापणाऱ्याने निगेटिव्हची काचेची प्लेट पालथी ठेवली आणि अख्ख्या मॉल्टिंग रो रस्त्याचं डाव्याचं उजवं करून टाकलं. तोच फोटो चर्चच्या कॅलेंडरवर आला, बशा पुसायच्या फडक्यावर आला, गुत्त्यात भिंतीवर लागला, आणि थॉर्लिंगहममधल्या एकाही शहाण्याला पत्ता लागला नाही. लागणार कसा? दोन्ही बाजूंची घरं एकाच साच्यातून काढलेली, तीच वीट, तीच दारं – आणि रस्ता रुंद करताना दोन्हीकडची पाडून टाकलेली. शनिवारी प्रदर्शन, सफक परगण्यातल्या गावांचे जुने फोटो. ते भरवणाऱ्या थर्लोबाईंनी मॉल्टिंग रोच्या फोटोखालच्या पट्टीवर नावं लिहायचं काम ऑड्रीवर सोपवलं होतं, कारण त्या रस्त्यावरची म्हणून आता ती आणि सिरिल कॅचपोल एवढीच उरलेली. बाईंना सांगायला हवं, काय मजा येईल...

आणि तिचं हसू तिथेच थांबलं. पंपापासून तिसरं दार. दारात मुलगा, मोजे घसरलेले, नेमक्या वेळी मान हलवल्यामुळे चेहरा पुसट. आल्बी. माझा भाऊ, फोटो काढला त्याच हिवाळ्यात घटसर्पाने गेलेला, माझ्या जन्माआधीच. त्याचा एवढा एकच फोटो. आईने तो शेकोटीवरच्या फळीवर घड्याळाला टेकवून ठेवलेला, धूळ झटकताना दर वेळी म्हणायची, आमचा आल्बी, आमच्या दारात. पण फोटो उलटा, तर मग दार आमचं नाही. समोरचं. कॅचपोलांचं – आणि कॅचपोलांकडे त्याच वयाचा मुलगा होता.

म्हणजे फळीवरच्या त्या फोटोशी बोलताना शाळेतली भांडणं मी कोणाला सांगितली? डेनिसशी लग्न ठरवलंय हे आईच्याही आधी ज्याच्या कानात घातलं, तो हा नाकात बोलणारा, ताटातला केक मोजून घेणारा सिरिल? छे. पोरं काय, कोणाच्याही दारात उभी राहतात... आल्बी गेला असेल समोर खेळायला. पण आई? आईला आपलं दार कळलं नसेल? दर शनिवारी गुडघ्यांवर बसून, दाराची पायरी पांढरी दिसावी म्हणून तिला पांढरा दगड घासणारी बाई ती. मॉल्टिंग रोमध्ये बाईची लायकी पायरीवरून ठरायची. आणि फोटोतली पायरी काळीकुट्ट. आई म्हणायची, त्या दिवशी घासायची राहिली गं. न विचारताच म्हणायची. कोणी विचारत नसताना माणूस सबब कशाला देतं...

मागे खुर्च्या सरकल्या. सिरिलच होता, दोन-दोन खुर्च्या उचलून आणायचा आणि दर फेरीला कमरेच्या नावाने कण्हायचा. ऑड्रीने त्याला बोलावलं, बटणं दाखवली, दारावर बोट ठेवलं. सिरिल वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"आमचंच दार," तो म्हणाला. "आमच्या आईने पायरीला कधी दगड लावला नाही. तुझी आई नाक मुरडायची."

"मग हा तू आहेस."

"मी असेन. नाहीतर आल्बी. मोजे दोघांचेही घसरायचे, ऑड्री. खरंच आठवत नाही मला."

तो खुर्चीवर बसला, भिंग हातात फिरवत राहिला. फोटोवाल्याने याच फोटोची पोस्टकार्डं विकायला आणली तेव्हा आल्बीला जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, तो सांगू लागला. त्याच्या आईने एक घेतलं होतं, तेही फळीवर होतं.

"तुझी आई आली, तशीच, डोक्याला रुमाल न बांधता. कार्ड बघितलं आणि म्हणाली, हा आमचा आल्बी. माझी आई म्हणाली, हो, तुमचाच. आणि ते कार्ड तिच्या हातात दिलं. मी काहीतरी बोलणार होतो, तर मला चिमटा काढला. पुन्हा आमच्याकडे ते कार्ड कधी आलं नाही."

 सिरिलचा लहानपणीचा दुसरा फोटो आहे का, हे विचारायचं ऑड्रीच्या मनात आलं, पण त्याच्याकडे पाहिल्यावर विचारवलं नाही. सिरिलने कोऱ्या पट्टीकडे हनुवटीने खूण केली.

"लिही की. आल्बी. आजवर होतं तेच लिही."

तो परत खुर्च्यांकडे गेला. तिने पेन उचललं. मुलाचा चेहरा तसाच पुसट होता, पण आता तिला तो पुसट चेहरा ओळखायचा नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे येत होती ती दाराच्या आत, फोटोत न आलेली बाई – गबाळी, मोठ्या आवाजाची, जिच्याबद्दल ऑड्रीच्या घरी कोणी कधी बरं बोललं नाही. कॅचपोलबाई. किती पटकन दिलं असेल तिने ते कार्ड... क्षणभर तरी थांबली असेल का? ऑड्रीला रडू आलं, चांगलं भरभरून आलं, आणि ते आल्बीसाठी नव्हतं.