आतला नाका

हंबीररावांनी पावतीपुस्तक सायकलच्या पिशवीत कोंबलं आणि हात पुढे केला. नाथाजीने कोटावरचा पितळी बिल्ला काढून त्या हातावर ठेवला.

"पाची संस्थानांच्या दरबारांचं ठरलं," हंबीरराव म्हणाले. जकात कचेरीतले कारकून ते. वैशाखाचं ऊन चढायच्या आत त्यांना परतायचं होतं. "आपसात माल मोकळा. बाहेरून, इंग्रजी मुलखातून येईल त्याला हद्दीवर एकदाच जकात, पाचांची मिळून एकच. आतले नाके बंद."

"हद्दीवर मानूस लागंल की."

"तिथं तरणी पोरं घेतलीत, नाथाजी. महिनाअखेरपर्यंत खोली वापरा."

सांगलीहून साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या नाक्यावर नाथाजीची बावीस वर्षं गेली होती. त्याची बायको तानुबाई दोन वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून आडव्या बांबूपाशी गाडी थांबली की जे काही बोलणं व्हायचं, तेवढंच त्याचं बोलणं.

आता गाड्या थांबत नव्हत्या. पहिल्या दिवशी दोघा-तिघांनी हात केला. दुसऱ्या दिवशी तेही नाही. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्याच्या ध्यानात आलं, सकाळपासून आपण तोंड उघडलेलं नाही. "थांबा," त्याने स्वतःशीच म्हणून बघितलं. आवाज घोगरा आला.

चौथ्या दिवशी दुपारी लियाकत बागवानाची गाडी दिसली. मिरजेकडच्या मळ्यातली विड्याची पानं घेऊन तो दर आठवड्याला कऱ्हाडच्या बाजाराला जायचा. नाथाजी उठला आणि त्याने बांबू खाली केला.

"लियाकत, करंड्या खाली घे."

लियाकतने त्याच्या कोटाकडे पाहिलं. बिल्ल्याच्या जागी दोन भोकं होती. मग त्याने वर उन्हाकडे पाहिलं आणि तो उतरला. सहा करंड्या त्याने एकेक करून लिंबाखाली आणल्या, वरची ओली तरटं बाजूला केली.

"मळा कसा हाय?" नाथाजीने पानांवर वाकत विचारलं.

"वरल्या अंगाला येलास्नी मर लागलीया."

"आन् तुझी रशीदा?"

"लेक झाली तिला. लय रडती, नाकेदार. घरात कुनाला झोप न्हाई."

नाथाजी हसला. नातीचं नाव काय ठेवलं, कुणावर गेलीय, सारं त्याने विचारून घेतलं. लियाकत सावकाश सांगत राहिला. मधेच नाथाजीची नजर करंडीत गेली. वरची पानं कडेने मलूल पडली होती. त्याने घाईघाईने स्वतःच तरटं ओढून घेतली.

"जकात उठली, लियाकत," तो खाली बघत म्हणाला. "चार दिस झालं."

"ठावं हाय. बाजारात दवंडी पिटली न्हवं का."

"मग करंड्या कशाला उतरल्यास रं?"

लियाकतने बैलांकडे पाहिलं.

"बैलास्नी पानी पाजायचं व्हतं."

नाथाजी आत गेला आणि बादली भरून घेऊन आला. बैलांनी पाण्याला तोंड लावलं नाही. अलीकडच्या ओढ्यावर ते पोटभर पिऊन आले होते. त्यांच्या खुरांना ओढ्याचा चिखल लागलेला होता.

लियाकत मात्र बादली धरून बराच वेळ त्यांच्यापुढे उभा राहिला.