दुखायचं थांबलं तेव्हा

"आता बरं वाटतंय त्यांना," आई फोनवर म्हणाली, "दुखायचं थांबलंय. तू सावकाश ये."

मी तेव्हा एका तबेल्यात घोडीचा खूर बघत होते. ते तसंच सोडलं, मालकाला काहीतरी थातुरमातुर सांगितलं आणि गाडी घराकडे पिटाळली. आमच्या घरात हे वाक्य आनंदाचं नाही.

बाबा घोड्यांचे डॉक्टर, त्यांच्या हाताखाली शिकून मीही तीच. घोड्याच्या आतड्याला पीळ पडला की तो लोळतो, भिंतीला लाथा घालतो, घामाने निथळतो. मग एकाएकी गप्प उभा राहतो. मालकाचा जीव भांड्यात पडतो. तेव्हा बाबा मला हळूच कोपराने ढोसायचे. "आता घाबरायचं. रक्त पोचेनासं झालं की आतडं आधी बोंबलतं. मेलं की गप्प बसतं." ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि हा शहाणा माणूस सकाळपासून पोट धरून बसला होता. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या दिलेल्या, त्या यांनी परस्पर बंद केल्या. का, तर दाढी करताना कापलं की रक्त थांबत नाही. आज पोटात कळा सुरू झाल्यावर स्वतःच पोट चाचपलं, मऊ लागलं, गॅस ठरवला आणि दवाखान्याच्या कपाटातलं घोड्याच्या पोटशुळाचं इंजेक्शन आपल्या वजनाचा हिशोब लावून टोचून घेतलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"आलीस? उगाच धावपळ," मला बघून ते म्हणाले. "इंजेक्शन लागू पडलं बघ."

मी स्टेथोस्कोप त्यांच्या पोटावर टेकवला. पोट कधी गप्प नसतं, सारखं काही ना काही गुरगुरत असतं. मी जागा बदलत राहिले. कुठेच काही नाही.

"बाबा, आवाज नाहीये."

त्यांनी पायाने चपला ओढल्या.

"गाडी काढ," ते म्हणाले.

पोटातल्या मोठ्या धमनीला एक फांदी फुटते. ती आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात शिरते, पंख्यासारखी पसरते आणि जवळजवळ सगळं लहान आतडं तिच्या एकटीच्या जिवावर जगतं. घोड्याचंही तसंच, माणसाचंही तसंच. बाबांच्या हृदयात साकळलेली गुठळी नेमकी त्या फांदीच्या तोंडाशी जाऊन अडकली होती.

हॉस्पिटलमधले सर्जन ऑपरेशनला आत गेले आणि मी धरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी बाहेर आले. इतक्या लवकर बाहेर येण्याचा अर्थ मला माहीत होता.

"गुठळी काढली," ते म्हणाले. "रक्त वाहायला लागलं. आतड्याला गरम ओले कपडे गुंडाळून थांबलो. रंग परतला नाही."

"मग अजून थांबा. उद्या पुन्हा उघडून बघा. काळं पडलंय तेवढं कापा."

"तेवढं कापलं तर काही उरत नाही, डॉक्टर. पोट शिवलंय."

मी भांडले. तावातावाने, कशाचाही विचार न करता. ते निमूट ऐकून घेत राहिले. तबेल्यांतून मी हेच किती मालकांना सांगितलंय, तेही असेच भांडले होते आणि मीही अशीच निमूट उभी राहिले होते. आईला सर्जन स्वतः सांगायला निघाले तेव्हा मीच म्हटलं, नको, मी सांगते. मग सांगितलंच नाही.

बाबा शुद्धीवर आल्यावर त्यांनी आईला काहीतरी प्यायला आणायला पिटाळलं.

"कुठून कुठपर्यंत गेलंय?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"शेवटचा हातभर तरी?"

"सगळं, बाबा."

"घोडा असतो तर तू एव्हाना सिरिंज भरली असतीस."

"हो."

"मग?"

मला रडू नाही आलं, चीड आली. त्यांची, त्या गोळ्यांची, त्या मेल्या दाढीची. परक्यांच्या जनावरांना मी जी सुटका देते, ती माझ्या बापाला देता येत नव्हती. उद्या ताप चढेल, पोट लाकडासारखं कडक होईल, ते सगळं त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"नाही जमणार, बाबा."

"नाहीच जमायचं," ते म्हणाले. "दुखायला लागलं की इथल्या डॉक्टरांना औषध वाढवायला सांग. आणि तिला आज नको सांगूस."

आई दुधाचा पेला घेऊन आली. चेहरा नुसता फुललेला. "डॉक्टरांना विचारलं, दिलं तर चालेल का. म्हणाले, मागतील ते द्या. कसलं पथ्य नाही, काही नाही. मी उगाच धसका घेतला होता."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि पेला ओठाला लावला. दोन घोट घेतले. "साखर कमी आहे," ते म्हणाले.

"ऐकलंस? कुरकुर सुरू झाली," आई मला म्हणाली. "म्हणजे आता सुधारले. थांबा, साखर घालून आणते."

ती लगबगीने उठली. मी तिला जाऊ दिलं.