तिसरा ठिपका

"म्हणजे बसत नाही." रुपरावांनी आपली जुनी लेन्स पुन्हा पिवळ्या फडक्यात गुंडाळली. "एवढंच सांगाले पंधरा मिनिटं घेतली गा तू."

काउंटरपलीकडे रजत हसला. सीताबर्डीच्या या दुकानात तो रोज नवे कॅमेरे विकत असे, पण सहासष्ट वर्षांचं गिऱ्हाईक असं ऐन दुपारी वाद घालायला क्वचितच येई. "काका, कंपनीनं लेन्स बसायचा माउंटच बदलला. आता कॅमेऱ्याचं तोंड मोठं झालं. लेन्स आतल्या अंगाला जवळ जाते, उजेड जास्त घेते. फायद्याचंच आहे ना."

"तोंड मोठं केलं, ठीक आहे. आपणही कपाट आत जात नसलं त दरवाजा पाडून मोठा करतो. पण म्हणून घरातल्या म्हाताऱ्याले बाहेर नाही काढत."

"तसं नाही हो काका..."

"थांब." रुपरावांनी शेजारची कॅमेऱ्याची तिपाई उचलून उलटी केली आणि वरचा स्क्रू त्याच्या नाकासमोर धरला. "हा पाह्य. मी कामाले लागलो तवा हाच होता. आजही हाच. साऱ्या दुनियेच्या कंपन्या या एका स्क्रूवर एक झाल्या. मंग लेन्सवरच काहून भांडून राहिल्या?"

रजतने मदतीसाठी त्यांच्या मुलीकडे, मयुराकडे पाहिलं.

मयुराला बाबांच्या बोलण्याचं हसू येत होतं आणि धाकधूकही होत होती. अमरावती रोडवर वाडीत असलेल्या त्यांच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा आदल्या आठवड्यात एका बारशात, बाळाच्या कानात नाव सांगतानाच बंद पडला होता. नवा घेणं भाग होतं. नऊ दिवसांवर कळमेश्वरला त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, भैय्याजींच्या मुलीचं, खुशीचं लग्न होतं. भैय्याजींच्या घरातलं प्रत्येक लग्नाचे फोटो गेली चौतीस वर्षं रुपरावांनीच काढले होते. आणि येताना स्कूटरवर मागे बसल्या बसल्या ते सहज म्हणाले होते, "लेन्स बसली त मी येतो लग्नाले. नाही त तूच जाय. मी ड्रायव्हर लोकायचे पासपोर्ट फोटो काढत बसतो."

मिहानमधल्या कंपनीतली नोकरी सोडून मयुरा दोन वर्षांपूर्वी स्टुडिओत आली ती वडिलांबरोबर काम करायला. ते एका लग्नाला मागे राहिले की पुढच्या सगळ्यांना मागेच राहतील, हे तिला कळत होतं. बारशाच्या दिवसापासून ते जरा जास्तच वेळ दारापाशी बसू लागले होते.

"अडॅप्टर मिळेल ना?" तिने विचारलं.

"मिळते ना ताई. धातूची रिंग आहे साधी. एका बाजूनं जुनी लेन्स, दुसऱ्या बाजूनं नवा कॅमेरा. आज संपली आहे, गुरुवारी येईल."

"मंग कंपनीनं डब्यातच काहून नाही देली?" रुपरावांचे कान टवकारले गेले.

"वेगळी घ्यावी लागते काका."

"रिंग नाही गा ते, पायरी आहे. दार बदला म्हणा, पण जुन्या माणसासाठी एक पायरी ठेवा. सांग तुह्या कंपनीले."

"सांगतो काका," रजत अशा सुरात म्हणाला, जणू कंपनी मागच्या खोलीत जेवायला बसली होती.

गुरुवारी मयुरा एकटीच जाऊन रिंग घेऊन आली. रुपराव जेवून मागच्या घरात आडवे झाले होते. नवा कॅमेरा, रिंग आणि त्यावर लखलखणारी लेन्स असं सगळं जोडून त्यांच्या हातात द्यावं, असं तिने रस्त्यातच ठरवलं होतं. तिने फडकं सोडलं. लेन्स जड होती, सगळी धातूची. रुपरावांचे तीन कॅमेरे झाले, पहिला रोलचा, पुढचे दोन डिजिटल, पण ही लेन्स पहिल्यापासून एकच. मयुरा स्वतः आपोआप फोकस होणारी लेन्स वापरायची. हिला तिने कधी हात लावला नव्हता.

काचेवर धूळ नव्हती. मात्र फोकसच्या कड्यावर दोन लाल डाग होते, वाळून टणक झालेले. ते कुठून आले, याबद्दल तिला शंकाच आली नाही. ड्रायव्हर लोक बसताना स्टूल ओढून घेतात म्हणून बाबांनी स्टुलाच्या चार पायांशी फरशीवर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. दर दिवाळीला ते नव्याने देत. त्यातलेच थेंब उडाले असणार. तिने आईच्या कपाटातून रिमूव्हर आणला, कापसाचा बोळा भिजवला आणि कडं असं स्वच्छ केलं की खाचांमध्येसुद्धा लाल कण उरला नाही.

रुपराव उठून आले. कॅमेरा हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा खुलला. रिंगवरून बोट फिरवून ते म्हणाले, "पायरी बरी बसली वं." मग सवयीने अंगठा फोकसच्या कड्यावर गेला, थोडा डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, आणि थांबला.

"इथलं काय झालं?"

"साफ केलं बाबा. डाग होते."

रुपरावांचा अंगठा कड्यावरून पुन्हा एकदा फिरला. चहाचे कप घेऊन आलेल्या तिच्या आई, वच्छलाबाई, दारातच उभ्या राहिल्या.

"अवं माय, पुसलं? डाग नव्हते वं ते. एक स्टुलाच्या अंतराचा होता अन् एक मांडवातल्या हाराच्या. माह्या नेलपॉलिशची बाटली माह्या नखाले लागली त्याच्यापेक्षा त्या लेन्सलेच जास्त लागली."

"पण बाबा तर कॅमेऱ्याला डोळा लावून, फाइंडरमधून बघून..."

"काय बघून?" वच्छलाबाईंनी कप ठेवले. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तवापासून त्यायले त्या भोकातून बरोबर दिसत नाही. चार वर्षं झाले. ठिपक्यावर अंगठा ठेवते अन् फोटो काढते. तुले सांगू नको म्हणे."

मयुराच्या हातात कापसाचा लाल बोळा तसाच होता. या दोन वर्षांतली लग्नं तिला आठवली. स्टेजपासून बरोबर आठ फुटांवर उभे राहणारे बाबा; कोणी मध्ये आलं तरी जागा न सोडणारे बाबा. हट्टी आहेत, असं ती मैत्रिणींना हसत सांगायची.

रुपरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. रिंग दोन बोटांत धरून त्यांनी हलवून पाहिल्यासारखं केलं.

"पुसलं ते बेस केलं," ते म्हणाले. "या पायरीनं लेन्स केसभर पुढं आली. ते ठिपके आता तसेही लबाड झाले असते. नवीनच द्या लागले असते."

"खरंच?"

"मंग काय. चौतीस वर्षं काय नुसता टोपी घालून उभा राहिलो का मी? आण ती बाटली. अन् टेप."

ती दुपार मग मोजण्यात गेली. वच्छलाबाईंना स्टुलावर बसवलं गेलं. मयुराने नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक गंमत चालू करून दिली: ज्या जागी फोकस बरोबर लागेल तिथल्या कडा तांबड्या रेघांनी चमकायच्या. रुपरावांनी कडं हळूहळू फिरवलं. पडद्यावर आधी कानातले चमकले, मग नाकातली चमकी, मग सगळ्या चेहऱ्याभोवती बारीक तांबडी रेघ उमटली.

"अवं वच्छला," ते पुटपुटले, "मले दिसून राहिलं."

"चाळीस वर्षांनी दिसली का मी?"

"नव्या कंपनीचं भलं होवो. दुकानातल्या त्या पोट्ट्याले उगाच बोललो."

"मग आता ठिपके कशाला बाबा? पडद्यावर दिसतंच की."

"अन् उन्हात पडदा दिसला नाही त? बॅटरी गेली त? नवं आलं म्हणून जुनं फेकाचं नसते. दोघायले कामाले लावाचं." त्यांनी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून पहिला ठिपका दिला. मग दाराबाहेर आठ फुटांवर मयुराला उभं करून दुसरा. ती हात धुऊन आली तोवर ते दारापाशी आपल्या खुर्चीत जाऊन बसले होते आणि कड्यावर फुंकर घालत होते. कड्यावर तीन ठिपके होते.

"हा तिसरा कशाचा?"

"तो माहा आहे. तुले काय कराचं?"

कळमेश्वरच्या मांडवात रुपराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आठ फुटांवर उभे राहिले. अंतरपाट खाली आला, खुशीने हार उचलला, आणि तेवढ्यात नवरदेवाच्या मित्रांनी त्याला कमरेला धरून वर उचललं.

"ए! खाली ठेवा गा त्याले!" रुपराव ओरडले. "माहा ठिपका चुकून राहिला!"

कोणाला काही कळलं नाही, पण भैय्याजींनी पुढे होऊन जावयाला स्वतः खाली उतरवलं. "आमचे रुपराव म्हणते त उतरा लागते बावा. त्यायचा हिशेब असते काहीतरी." मांडव हसला, नवरी हसली, आणि हार हवेत असताना, ती हसत असताना रुपरावांनी बटण दाबलं. त्या लग्नाच्या अल्बमवर मयुराने तोच फोटो लावला. खुशीच्या पापण्यांच्या एकेका केसाचं टोक त्यात दिसतं.

उन्हाळ्यात त्यांनी मिळून आणखी अकरा लग्नांची कामं केली.

दिवाळीत रुपरावांनी फरशीवरचे ठिपके नव्याने दिले. त्यानंतर बारा दिवसांनी ते गेले. दोन दिवस दवाखाना, तिसऱ्या दिवशी नाही. चौदाव्या दिवशी मयुराने स्टुडिओ उघडला, कारण ड्रायव्हर लोकांची लायसन्सं थांबत नाहीत. पुढे एकदा सीताबर्डीला गेली असताना तिने रजतला विचारलं, त्या रिंगने, बाबा म्हणाले होते तशा, जुन्या खुणा सरकतात का. "नाही ताई," तो म्हणाला, "ती चांगल्यातली रिंग होती. केसभरही फरक पडत नाही." ती त्याच्याकडून काच पुसायचं एक फडकं घेऊन घरी आली.

माघातल्या एका सकाळी एका ड्रायव्हरचा फोटो काढून झाला. अंगठा पहिल्या ठिपक्यावर, स्टूल चार ठिपक्यांवर. तो गेल्यावर मयुरा कॅमेरा घेऊन दारापाशी बाबांच्या खुर्चीत टेकली. तिथे ती फारशी बसत नसे. अमरावती रोडवरून ट्रक चालले होते. हातचाळा म्हणून तिने कडं फिरवलं, ते तिसऱ्या ठिपक्यावर आलं, आणि तिने कॅमेरा डोळ्यांसमोर धरला.

रस्त्याकडे सगळं धूसर होतं. काउंटर धूसर, स्टूल धूसर, मागचा निळा पडदाही धूसर. ती बसल्या जागी हळूहळू आत वळली. कोपऱ्यात संगणकाच्या टेबलापाशी आल्यावर एकदम तांबड्या रेघा चमकल्या. खुर्चीची पाठ, तिच्यावर टाकलेली ओढणी, ओढणीच्या काठाचा धागा न् धागा.

ती तिची खुर्ची होती. स्टुडिओत आल्यापासून ती तिथेच, दाराकडे आणि बाबांच्या खुर्चीकडे पाठ करून, लोकांच्या लग्नांचे अल्बम लावत बसली होती.

तिने बटण दाबलं नाही. उठून कॅमेरा बाबांच्या खुर्चीवर ठेवला. मग आत हाक मारली, "आई, ती बाटली आण वं."

"कोणाच्या नखाले?" आतून आवाज आला.

"खुर्चीच्या."

वच्छलाबाई पदराला हात पुसत, बाटली घेऊन आल्या. त्यांनी बाबांच्या खुर्चीवरचा कॅमेरा पाहिला, कोपऱ्यातली खुर्ची पाहिली आणि काही विचारलं नाही. मयुरा त्या कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी फरशीवर गुडघे टेकून बसली, बाटलीचं झाकण उघडलं. पहिल्या पायाशी ठिपका देताना तिचं कोपर लागून खुर्ची जराशी हलली.

"सावकाश," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि जागची सरकू नये म्हणून त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.