मायला कोणी उचलायचं नाही

या मायबाप, सरका जरा जवळ. सतरंजी मोठी आहे, भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं. ज्याने दोन पाय दिले त्याला आधी नमस्कार, आणि मग त्या पायांवर लोकांना उभं करत जगभर फिरलेल्या एका पोरीची गोष्ट ऐका. गोष्ट पोरीची, पण चालून दाखवली तिच्या मायनं.

अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, शांतीबाईचं घर. कोहळ्यांचं घराणं, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांचं. १९९९ साली तिची लेक पुष्पांजली नागपूरला फिजिओथेरपी शिकायला निघाली, तेव्हा तो शब्दच गावाच्या तोंडात बसेना. शेजारच्या सावित्रीबाईनं विचारलं, मालिशवालीच व्हायचं तर नागपूर कायले? बाप पुनाराम भजनात खंजिरी वाजवायचा. तो म्हणाला, पडलेल्याला उभं करायची विद्या आहे ती, शिकू द्या.

शिकली आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरली. मस्कत झालं, नैरोबी झालं, पुढं आयर्लंड. पण धान कापणीला आली नाही असं वर्ष गेलं नाही. भाऊ हिमांशूच्या लग्नात मांडवाच्या डहाळ्यांपासून सगळं तिनंच पाहिलं. बाप गेला तेव्हा त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. आणि दूरदेशातून मायला फोन यायचा, त्यात तिकडच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी. एखाद्या म्हाताऱ्याला चालायला लावलं की तो तिला काय काय बोलतो, ते रंगवून सांगायची. भाषा वेगळी, पण शिव्या सगळ्या देशांत सारख्याच, म्हणायची.

मग २००८ साली, पोळ्यानंतर, शांतीबाईलाच लकवा मारला. डावं अंग लुळं पडलं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरात लकव्याचं माणूस असलं की आपण त्याला खाटेवरून हलू देत नाही. घास तोंडात, पाणी तोंडात, कूस बदलायला चार हात. जितकी माया जास्त, तितकी खाट पक्की. सून खुशबू गोंदियाजवळच्या कुडव्याची, फार जीवाची पोरगी. तिनं सासूला फुलासारखं ठेवलं. महिना गेला आणि शांतीबाईचा पाय लाकडासारखा ताठ झाला.

पुष्पांजली आली. उंबऱ्यातच पाहिलं आणि पहिला हुकूम सोडला, की आजपासून मायला कोणी उचलायचं नाही. पाण्याचा लोटा उशापासून काढून छपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबाजवळ ठेवला. गाव म्हणालं, परदेशात राहून हिचं काळीज दगडाचं झालं. खुशबू आडोशाला जाऊन रडली. आणि शांतीबाईनं, जिच्या तोंडी कधी वावगा शब्द नव्हता, लेकीला वैरीण म्हटलं, आणखीही पुष्कळ म्हटलं.

"शिव्या द्याच्या असन त दे," पुष्पांजली म्हणाली, "पन उभी राहून दे. झोपून दिलेली शिवी मले ऐकू येत नाही."

बापाची खंजिरी खुंटीवरून काढली. राम कृष्ण हरीचा ठेका धरला, प्रत्येक थापेला एक पाऊल. आधी खांबापर्यंत, मग आंगणात, मग पाळीवर. माय थकून खाली बसली की उचलायची नाही, उठायची रीत सांगायची: कुशीवर वळ, गुडघा टेक, काठीवर भार दे, ऊठ. पाळीवर माणसं चालतात म्हणून पाळ घट्ट राहते, पायाचंही तसंच, हे तिचं म्हणणं. उन्हाळा लागेपर्यंत शांतीबाई पाळीवरच्या मारुतीला स्वतःच्या पायांनी जाऊन पाया पडली. लेक हसली आणि पुन्हा विमानात बसली.

मायबाप, देवाचा हिशोब आपल्याला कळत नाही. २०१४ च्या हिवाळ्यात कापणीला घरी आलेली ती पोरगी काविळीनं गेली. ज्या छपरीत मायला उभं केलं, तिथूनच तिला नेलं.

शांतीबाई खाटेवर पडली ती उठलीच नाही. आणि ऊठ म्हणणार कोण? दुःखाच्या घरात माया पुन्हा उशाशी येऊन बसली. लोटा खांबाजवळून उशाला आला. खुशबू शिऱ्याचा घास भरवू लागली. शांतीबाईला पाय परत जड होताना कळत होतं. होऊ दे, वाटत होतं.

तेरवीचा दिवस उजाडला. कीर्तन पाळीवरच्या मारुतीजवळ ठेवलेलं. हिमांशूनं हात असलेली खुर्ची मागवली, चार जण तिला उचलून नेणार होते. आंगणात बाया जमल्या. सावित्रीबाई पदरानं डोळे पुसत हळू बोलली, पण तिचं हळूही चार घरं ऐकतात.

"जगाले चालवत फिरली बिचारी. तिची माय मात्र पुन्हा खाटेवरच आली पाहा."

शांतीबाईनं ऐकलं. खुशबूचा घास तोंडाजवळ आला होता, तो तिनं हातानं बाजूला सारला. कुशीवर वळली. गुडघा टेकला. काठी मागितली नाही, स्वतः ओढून घेतली. हिमांशू धावत आला, माय, खुर्ची आणली आहे ना, म्हणाला, काऊन जीव काढून रायली?

"दूर हो," शांतीबाई म्हणाली. "मले उचललं त माही पोरगी आज दुसऱ्यांदा मरन."

हिमांशूनं खुर्ची बाजूला सारली.

ती निघाली. डावा पाय माती ओढत येत होता. पाळीचा चढ तोच, ज्याच्यावर लेक मागं मागं चालत हसायची. अर्ध्यात गुडघा दुमडला आणि ती खाली बसली. गावभर हाय हाय झालं. उचलायला वाकणाऱ्या एकाच्या हातावर तिनं काठी हाणली. मग शांतीबाई तिथेच बसून राहिली, मातीत, दम टाकत. उठायची रीत आठवत होती, पाय ऐकत नव्हता.

तेव्हा मागून थाप आली. खुशबू होती. खुंटीवरची खंजिरी घेऊन आली होती. तिला धड वाजवता येत नव्हतं, डोळे वाहत होते, पण ठेका चुकत नव्हता.

"उठो, मांजी," ती आपल्या गोंदियाच्या हिंदी वळणानं म्हणाली. "मी हात नाही लावणार."

शांतीबाईनं सुनेकडे पाहिलं. म्हणाली, तिच्यापरिस वाईट वाजवतेस. आणि उठली.

वर केवलराम महाराजांचं कीर्तन सुरू झालं होतं. देह नाशिवंत आहे, माती मातीला मिळते, हा विषय लावला होता. शांतीबाई येऊन समोर उभी राहिली, घामानं भिजलेली, गुडघ्यापर्यंत माती. लोक सरकले, बसायला जागा केली. ती बसली नाही.

"महाराज, देह नाशिवंत हाये, कबूल," ती म्हणाली. "पन तोवर त त्याले चालवावं लागते. माह्या पोरीनं तेच केलं. तिचं सांगा."

महाराज जुने, रसिक माणूस. निरूपण तिथंच आवरलं. मग टाळकऱ्यांना म्हणाले, आजचं कीर्तन या बाईनं पुरं केलं, आपण नुसता गजर करू. आणि राम कृष्ण हरीचा गजर उठला. शांतीबाई उभ्यानंच, काठीच्या आधारानं, एक पाऊल पुढं, एक मागं, पावली खेळली. सावित्रीबाईही उठली. तिच्या शेजारी जाऊन खेळू लागली, आणि हात काही धरला नाही.

तर मायबाप, तुमच्या घरी असं कोणी खाटेला लागलेलं असेल, आणि पाण्याचा लोटा मायेनं त्याच्या तोंडाशी न्यायला तुमचा हात पुढं होईल, तेव्हा क्षणभर थांबा. लोटा जरा दूर ठेवा, शिव्या खा, ठेका धरा. आणि तेवढ्यात आमच्या पुष्पांजलीची आठवण काढा.